पावसाआधीचा वारा : रांझीच्या कंट्रोल रूमसाठी हवामानाचा अंदाज

मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जबलपूरच्या रांझीत दुपारी चारनंतर पश्चिमेचं आभाळ काळं व्हायला लागलं की लोकांना हायसं वाटतं. उकाडा उतरणार, दोन सरी पडणार. आगीच्या वर्दीवर बसलेल्या माणसाने मात्र नेमकं त्याच वेळी सावध व्हायला हवं. वळवाच्या वादळात पाऊस शेवटी येतो आणि वारा आधी. पहिला थेंब पडण्याच्या अगोदरचा अर्धा तास आगीच्या दृष्टीने सबंध दिवसातला सर्वांत वाईट असतो. धसकट, वाळकं गवत, पालापाचोळा दिवसभराच्या उन्हाने कडक झालेला असतो, तारा झोके घेत असतात, आणि वाऱ्याची दिशा बघता बघता फिरते. म्हणून फोनवर बसणाऱ्याने अंदाज वाचताना ‘पाऊस पडेल का’ हा प्रश्न मागे ठेवावा. आपला प्रश्न असा : वारा किती वाजता, कुठून आणि किती जोराचा येणार?

हा लेख महानगरपालिकेच्या अग्निशमन कंट्रोल रूममध्ये, कारखान्यांच्या फायर सेक्शनमध्ये, वनखात्याच्या चौकीत किंवा वसाहतीच्या गेटवर रात्रंदिवस फोन उचलणाऱ्यांसाठी आहे. खमरियाची आयुध निर्माणी, व्हेइकल फॅक्टरी, गन कॅरेज फॅक्टरी यांच्यामुळे खडकी, अंबाझरी, भंडारा, वरणगाव इथून बदलीवर आलेली मराठी कुटुंबं या भागात आहेत आणि त्यांतले अनेकजण याच कामात आहेत. विदर्भातल्या वाचकांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल. हवामान खात्याच्या दृष्टीने मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि विदर्भ हे तिन्ही नागपूरच्या प्रादेशिक केंद्राखाली येतात, आणि गोंदिया-बालाघाटच्या आभाळाला राज्याची सीमा कळत नाही.

आधी हे वादळ होतं कसं ते पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. एप्रिल-मेमध्ये जबलपूरची जमीन तापून निघते. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ सरकत असतो, बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून थोडी ओल येते, आणि दुपारनंतर ढग उभे वाढू लागतात. ढगाखालची हवा कोरडी असते. पावसाचे थेंब त्या हवेतून पडताना वाटेतच वाफ होतात आणि आजूबाजूची हवा थंड करतात. थंड झालेली जड हवा खाली कोसळते, जमिनीला आपटते आणि चहूकडे पसरते. धुळीची भिंत चाल करून येते ती ही हवा. ढग अजून दहा-पंधरा किलोमीटर दूर असतानाच ती आपल्यापर्यंत पोचू शकते. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त, आणि वाफ जितकी जास्त तितका खाली येणारा वारा जोराचा. म्हणूनच गडगडाट भरपूर आणि पाऊस नावाला, असं वादळ आगीसाठी सर्वांत घातक ठरतं. वीज पडते, वारा सुटतो, आणि विझवायला वरून पाणी येत नाही.

रंग आणि शब्द

भोपाळच्या हवामान केंद्राकडून जिल्हावार इशारे निघतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग पाहून फार घाबरूनही जाऊ नये आणि निर्धास्तही होऊ नये. जबलपूर जिल्हा सुमारे ५,२०० चौरस किलोमीटरचा आहे. पिवळा रंग सबंध जिल्ह्याला लागतो. वादळ मात्र मझौलीत कोसळून रांझीत धुरळाही उडणार नाही, किंवा नेमकं उलट होईल. म्हणून इशाऱ्यात ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ यांतलं काय लिहिलंय ते पाहावं. तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर. म्हणजे आपल्याकडे न होण्याचीच शक्यता जास्त; पण झालं तर त्याचा जोर तेवढाच असतो. ‘तुरळक’ हा शब्द जागांच्या संख्येबद्दल असतो, वादळाच्या ताकदीबद्दल नसतो. ही गल्लत मुरलेल्या माणसांकडूनही होते.

दुसरी गोष्ट वेळेची. खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. ‘पहिल्या दिवसाचा’ इशारा म्हणजे उद्या सकाळी साडेआठपर्यंतचा. रात्रपाळीवर येणाऱ्याने कॅलेंडरची तारीख बघून ‘आजचा इशारा संपला’ असं समजू नये. पहाटे तीनचं वादळ आदल्या दिवसाच्या इशाऱ्यातच मोडतं.

तिसरी वाऱ्याच्या वेगाची. खात्याच्या वर्गवारीत ताशी ४१ ते ६१ किलोमीटर वारा असेल तर वादळ मध्यम, ६२ ते ८७ असेल तर तीव्र, आणि ८७ च्या पुढे अतितीव्र. आकडा वाचून तो वेग फळ्यावर नुसता उतरवला तर पाळीवरच्या जवानाला काही कळत नाही. शेजारी परिणाम लिहा. चाळीस-पन्नासला लग्नाच्या मांडवाची कापडं सुटतात, सैल तारा एकमेकींना घासून ठिणग्या पडतात, उघड्यावरच्या चुलीचा निखारा शेजारच्या छपरावर जातो. साठच्या पुढे फांद्या मोडतात, पत्रे उडतात, रस्ते अडतात. आणि एक हिशेब सर्वांना तोंडपाठ हवा : वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. तीसचा वारा साठवर गेला की झाडावर, खांबावर, होर्डिंगवर आणि शिडीवर चढलेल्या माणसावर चौपट जोर येतो. शिडीच्या गाडीच्या पुस्तिकेत कमाल वाऱ्याची मर्यादा छापलेली असते. ती मोठ्या अक्षरांत कंट्रोल रूममध्ये लावलेली असावी, म्हणजे घटनास्थळी वाद होणार नाही.

जिल्ह्याच्या इशाऱ्यात बहुधा वेग असतो, दिशा नसते. आणि आपल्याला दिशाच सर्वांत जास्त हवी असते. ती स्वतः काढावी लागते.

दिशा कशी काढावी

उन्हाळ्यात वरच्या थरातले वारे साधारण पश्चिमेकडून वाहतात, म्हणून आपल्याकडची बहुतेक वादळं पश्चिम, वायव्य किंवा नैऋत्येकडून पूर्वेकडे सरकतात. रांझी जबलपूर शहराच्या पूर्व अंगाला आहे, हा आपला मोठा फायदा. पश्चिमेचं वादळ आधी नरसिंहपूर, पाटण, भेडाघाट ओलांडतं, मग मेडिकल कॉलेज, गढा, मग मूळ शहर, आणि मग रांझी. नरसिंहपूर इथून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर आहे. ताशी चाळीसच्या चालीने येणारं वादळ तिथून निघालं की आपल्या हाती दोन तास असतात. भेडाघाटला धूळ उठली की जेमतेम अर्धा तास उरतो. डुमना विमानतळ मात्र आपल्या पूर्वेला आहे. पश्चिमेचं वादळ तिथे आपल्यानंतर पोचतं, त्यामुळे अशा दिवशी डुमनाच्या नोंदींची वाट पाहून उपयोग नाही. मंडल्याच्या किंवा कुंडमच्या बाजूने ढग आले तर मात्र त्या नोंदी आपल्याला आधी सावध करतात.

रडारचं चित्र मोबाइलवर सगळेच पाहतात, आणि पाहावंही. पण त्याची मर्यादा ठाऊक हवी. नागपूर आणि भोपाळची डॉप्लर रडारं जबलपूरपासून सरळ रेषेत सव्वादोनशे ते पावणेतीनशे किलोमीटरवर आहेत. पृथ्वी गोल असल्यामुळे इतक्या अंतरावर रडारचा सर्वांत खालचा किरणही जमिनीपासून पाच-सहा किलोमीटर उंचीवरून जातो. ढगाचं डोकं त्याला दिसतं, जमिनीलगत पुढे धावणारा वारा दिसत नाही. चित्रात लाल ठिपका अजून पाटणवर आहे म्हणून रांझीत वारा पोचायला वेळ आहे, असा निष्कर्ष काढू नये.

ही उणीव माणसं भरून काढतात. पश्चिमेकडच्या पाच-सहा जागी आपला एकेक माणूस हवा. भेडाघाटचा, पाटणचा, शहापुऱ्याचा, मेडिकलच्या भागातला, जमल्यास नरसिंहपूरच्या कंट्रोल रूममधला. त्यांना एकच काम : वारा सुटला की ‘किती वाजता, कुठून, झाड हलतंय की मोडतंय, पाऊस आहे की नुसती धूळ’ एवढं कळवायचं. यासाठी यंत्र लागत नाही, खर्च येत नाही. पण सीझनच्या आधी जाऊन त्या माणसांशी बोलून ठेवावं लागतं. आणि आपल्या गच्चीवर बांबूला हातभर लांबीची कापडी पट्टी बांधावी, खाली आठ दिशा रंगवाव्यात. कंट्रोल रूमच्या खिडकीतून ती दिसली पाहिजे. दर अर्ध्या तासाने नोंदवहीत दिशा लिहायची. ‘पश्चिमेचा वारा’ म्हणजे पश्चिमेकडून येणारा, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगावं, कारण धूर उलट्या बाजूला जातो आणि वायरलेसवर घोटाळा तिथेच होतो.

विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आहे. आपल्या जागेपासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते दाखवतं. ‘मौसम’ आणि ‘सचेत’ हीही फोनवर असावीत. खात्याचा तीन तासांपर्यंतचा तातडीचा अंदाज दिवसभराच्या इशाऱ्यापेक्षा आपल्या कामाला जास्त उपयोगी पडतो. दुपारी दोनपासून तो सतत पाहायला हवा.

वनखात्याच्या चौक्यांसाठी एक वेगळी सूचना. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाने टिपलेल्या आगींचे संदेश मोबाइलवर पाठवतं. त्यातला महत्त्वाचा उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. ढगातून त्याला आग दिसत नाही. वादळाच्या दिवशी दुपारी संदेश आला नाही याचा अर्थ आग नाही असा मुळीच होत नाही. महुआच्या दिवसांत फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, पुढे तेंदूला नवी पानं यावीत म्हणून आगी लावल्या जातात. अशी सकाळी लावलेली, धुमसत पडलेली आग दुपारच्या वाऱ्याने उठते. त्या दिवशी टेहळणीच्या माणसाचा डोळा हाच खरा.

वाऱ्याचं वळण आणि आगीची कूस

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. समजा, दुपारी साडेतीनला पनागरच्या बाजूच्या शेतात नरवाई, म्हणजे गव्हाचं धसकट, पेटल्याची वर्दी आली. गहू काढून झालाय, हार्वेस्टरने कापल्यावर उरलेलं धसकट वीतभर उभं आहे. वारा नैऋत्येचा, बेताचा. आग ईशान्येकडे सरकते आणि तासाभरात लांबट होते : तोंड अरुंद, दोन्ही कुशी लांब. जवान साहजिकच आग्नेयेच्या कुशीला लागतात, कारण तिकडे रस्ता आहे, ज्वाळा कमी आहेत, गाडी लावायला जागा आहे. साडेचारला वायव्येकडून वादळाचा वारा येतो. त्या क्षणी ती सबंध कूसच आगीचं तोंड बनते. तासभर जिचं तोंड शे-दीडशे फुटांचं होतं ती आग आता अर्ध्या किलोमीटरच्या रुंदीने नेमकी आपल्या माणसांवर चालून येते.

घटनास्थळी असलेल्याला हे दिसत नाही. तो धुरात असतो, कानात पंपाचा आवाज असतो, नजर ज्वाळेवर असते. पश्चिमेचं आभाळ फक्त तुम्हाला, कंट्रोल रूमला माहीत असतं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात ६ जुलै १९९४ रोजी साउथ कॅनियनच्या आगीत १४ जवान मरण पावले. कोरडी थंड हवा येणार, वारे जोराचे सुटणार, हा इशारा हवामान खात्याने त्या दिवशी दिलेला होता. तो डोंगरावरच्या जवानांपर्यंत पोचलाच नव्हता. दुपारी वारा आला आणि आग चढावर धावली. अंदाज बरोबर होता, माणसंही कसलेली होती; मधली कडी तुटली. वर्दीवर बसणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं, कारण ती कडी म्हणजे आपण आहोत.

म्हणून वायरलेसवर ‘हवामान खराब होणार आहे, सांभाळा’ असं सांगू नये. त्यातून कुणाला काही करता येत नाही. असं सांगावं : “वादळाचा वारा वायव्येकडून, साठच्या आसपास, चार पन्नास ते पाच दहाच्या दरम्यान तुमच्याकडे. आग तुमच्या बाजूला वळेल. गाडी जळून गेलेल्या भागाकडे घ्या. काय समजलं ते परत सांगा.” वेळ, दिशा, वेग, परिणाम, हुकूम, आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या तोंडून उजळणी. उजळणी झाल्याशिवाय नोंदवहीत ‘इशारा दिला’ असं लिहू नये. नैऋत्येच्या वाऱ्यात आग्नेयेच्या कुशीला गाडी उभी असेल आणि वादळ पश्चिमेला असेल, तर गाडी अगोदरच हलवायला सांगायची. वारा आल्यावर नाही.

फोन करणाऱ्याकडूनही दिशा मिळते. ठिकाण, काय पेटलंय, कुणी आत आहे का, तारा पडल्यात का, हे चार प्रश्न आपण विचारतोच. पाचवा जोडावा : “धूर कुठल्या बाजूला जातोय?” लोकांना अंशांत सांगता येत नाही, पण ‘शाळेकडे’, ‘गोकलपूरच्या तलावाकडे’, ‘फॅक्टरीच्या भिंतीकडे’ असं नक्की सांगता येतं. दहा मिनिटांनी त्याच भागातून दुसरा फोन आला आणि धूर आता वेगळ्याच बाजूला जातोय असं कळलं, तर वारा फिरला आहे. गाडी वाटेत असेल तर ताबडतोब कळवायचं.

फॅक्टरीची भिंत म्हटली की रांझीत वेगळी जबाबदारी येते. २५ मार्च २०१७ च्या संध्याकाळी खमरियाच्या आयुध निर्माणीत आग लागून स्फोटांची मालिका झाली. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३० मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत जे गेले त्यांत अग्निशमनाचे जवान मोठ्या संख्येने होते. या दोन्ही घटना वादळामुळे झालेल्या नव्हत्या. पण अशा आवाराच्या भिंतीबाहेर वाळलेल्या गवताला आग लागली आणि वारा भिंतीच्या दिशेने असला, तर ती आग किती मोठी आहे याचा विचार न करता पहिल्या मिनिटाला कारखान्याच्या फायर सेक्शनला फोन जायला हवा. त्यांचं स्वतःचं दल असतं, आत कुठे काय आहे ते त्यांनाच ठाऊक असतं. शहराचा बंब गेटवर जाऊन त्यांच्या सूचनेची वाट पाहील. परस्पर आत शिरणार नाही. हे आधीच ठरलेलं आणि दोन्ही बाजूंनी लिहून ठेवलेलं असावं.

दुपारी तीनच्या आत

वादळाचा इशारा असेल त्या दिवशी काही कामं दुपारी तीनच्या आत उरकावीत. सर्व गाड्यांच्या टाक्या भरलेल्या, कारण वीज गेली की भरण्याचे पंप बंद पडतात आणि मग एकेक टाकी भरायला तास जातो. डिझेल भरलेलं. झाड कापायची चेन सॉ चालू करून पाहिलेली, नुसती पेटीत ठेवलेली नाही. वायरलेसच्या जादा बॅटऱ्या चार्ज. मोबाइलचे टॉवर वादळात बसतात, म्हणून वायरलेस हाच पहिला मार्ग समजून चालायचं. आणि पाळी बदलायची वेळ वादळाच्या वेळेत येत असेल, तर जुन्या पाळीने तासभर थांबावं. वारा सुटलेला असताना खुर्ची बदलणं म्हणजे अर्धी माहिती हरवणं.

गाड्या कुठे ठेवायच्या हाही निर्णय वाऱ्यावरून घ्यावा. वसाहतींमधली मोठी जुनी झाडं साठच्या वाऱ्याने रस्त्यावर येतात. दोन्ही गाड्या एकाच आवारात असतील आणि फाटकासमोर झाड पडलं, तर दोन्ही अडकल्या. एक गाडी रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, मोकळ्या जागी उभी करून ठेवावी. हुद्द्याने मोठा अधिकारी याला कधी कधी नाखूश असतो, गाड्या नजरेसमोर हव्यात म्हणून. तरी आग्रह धरावा.

लग्नसराईचं भान ठेवावं. अक्षय तृतीयेच्या सुमारास एकाच संध्याकाळी गल्लोगल्ली मांडव असतात : कापड, बांबू, तात्पुरती वायरिंग, मागे गॅसचे सिलिंडर आणि भट्ट्या. त्या दिवशीच्या मंगल कार्यालयांची यादी सकाळीच करून ठेवावी आणि नारिंगी इशारा असेल तर तिथल्या व्यवस्थापकाला फोन करून एवढंच सांगावं : वारा सुटला की आधी भट्ट्या बंद करा, मग मंडपाची मुख्य लाइट, मग माणसं बाहेर काढा. पाच मिनिटांचा फोन आहे.

वादळ डोक्यावर असताना

या वेळी फोनचा पूर येतो आणि त्यातले बरेचसे एकाच घटनेचे असतात. भिंतीवर नकाशा आणि टाचण्या हव्यात. संगणक असला तरी हव्यात. एकाच चौकातून सात फोन आले तर टाचणी एकच. फांदी पडली, पत्रा उडाला, पाणी शिरलं, या वर्द्या वेगळ्या वहीत. माणूस अडकलेला, रुग्णालय, सिलिंडर, तार पडून आग, या पहिल्या वहीत.

पडलेल्या तारेच्या बाबतीत कसलीही घाई नको. वीज कंपनीच्या १९१२ वर किंवा थेट उपकेंद्रावर बोलून फीडर बंद केल्याची खात्री करावी, सांगणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घ्यावी, आणि मगच जवानाला पाणी मारायला परवानगी द्यावी. ‘मोहल्ल्यातली लाइट गेली आहे’ ही खात्री नव्हे. फीडर आपोआप पुन्हा चालू होऊ शकतो, आणि कुणाच्या घरातला जनरेटर चुकीच्या जोडणीमुळे उलट तारेत वीज सोडत असतो. तोवर लोकांना तारेपासून दहा मीटर तरी लांब ठेवायचं, एवढंच काम. टेक्सासमध्ये २६ फेब्रुवारी २०२४ ला लागलेली स्मोकहाउस क्रीक आग एका किडक्या विजेच्या खांबापासून सुरू झाली. जोराच्या वाऱ्यात खांब पडला आणि आग दहा लाख एकरांच्या पुढे गेली. आपल्याकडे एवढी माळरानं नाहीत, पण कुजलेले खांब आणि वाळलेली शेतं शेजारी शेजारी आहेत. सीझनआधी असे खांब हेरून कंपनीला लेखी कळवणं हे कंट्रोल रूमचंच काम समजावं.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागत असेल तर उघड्यावर उभ्या शिडीवरची, लांब नळीच्या टोकाची आणि झाडाखालची माणसं परत बोलवावीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावं. आत माणूस अडकलेला असेल तर निर्णय घटनास्थळाच्या प्रमुखाचा. पण त्याला वीज किती जवळ आहे हे सांगणं तुमचं काम.

पाऊस थांबल्यानंतर

सरी पडून गेल्या की हात सैल सोडण्याचा मोह होतो. तो टाळावा. दोन-चार मिलिमीटर पावसाने गवत वरवर भिजतं आणि ढग सरून ऊन पडलं, वारा राहिला, की काही तासांत पुन्हा पेटण्यासारखं होतं. पश्चिमी विक्षोभ पुढे सरकल्यावर दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा कोरडे वारे सुटतात. जगभरचे अग्निशमनवाले एक ढोबळ खूण वापरतात : तापमान तीसच्या वर, हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली, वारा ताशी तीसच्या वर. एप्रिलमध्ये जबलपूरच्या दुपारी पहिल्या दोन अटी बहुतेक रोजच पुऱ्या होतात, म्हणून आपल्यासाठी तिसरीच निर्णायक. वारा तीसच्या वर जाणार असं अंदाजात दिसलं की आदल्या दिवशी पाऊस झालेला असला तरी टेहळणी चालूच ठेवावी.

वीज पडलेल्या झाडांची ठिकाणं लिहून ठेवावीत. पोकळ, वाळक्या खोडात आग रात्रभर धुमसते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर पडते. आमच्या भागातल्या जंगलातल्या बहुतेक आगी माणसांच्याच हातून लागतात हे खरं, तरी ज्या झाडावर वीज पडताना कुणी पाहिली आहे ते दुसऱ्या दिवशी बारा वाजायच्या आत जाऊन बघायलाच हवं.

शहरात दुसरा धोका वीज परत येते तेव्हाचा. लोक इस्त्री, शेगडी, कूलर चालू ठेवूनच बाहेर पडलेले असतात. ओल्या झालेल्या मीटरच्या पेट्यांत ठिणग्या पडतात. रुग्णालयांत जनरेटरवरून मुख्य लाइनवर जाताना जोडणीवर ताण येतो. जबलपुरात दमोह नाक्याच्या भागातल्या एका खाजगी रुग्णालयात १ ऑगस्ट २०२२ ला शॉर्ट सर्किटने लागलेल्या आगीत ८ जण गेले. तो दिवस वळवाच्या वादळाचा नव्हता, पण विजेच्या जोडणीतून लागलेली आग रुग्णालयात किती मिनिटांत हाताबाहेर जाते ते त्याने दाखवलं. उपकेंद्राकडून ‘अमुक भागाचा पुरवठा अमुक वाजता सुरू करतो’ असा निरोप मिळवण्याची पद्धत पाडावी, आणि त्या वेळी त्या भागातल्या रुग्णालयांकडे जायला एक गाडी मोकळी ठेवावी.

रात्री पाळी संपवताना नोंदवहीत एक पान फक्त हवामानाचं असावं : इशारा काय होता, वारा प्रत्यक्षात किती वाजता आला, कुठून आला, पश्चिमेकडच्या माणसाने किती आधी कळवलं, वर्द्या कोणत्या तासात सर्वांत जास्त आल्या. दोन-तीन उन्हाळ्यांच्या अशा पानांवरून रांझीसाठी जे कळेल ते कुठल्याही ॲपमध्ये मिळणार नाही.

आणि जे कंट्रोल रूममध्ये नाहीत त्यांना विनंती. इशारा असेल त्या दिवशी नरवाई पेटवू नका, महुआखालचा पाला झाडून बाजूला करा, जाळू नका. आग दिसली तर १०१ किंवा ११२ वर फोन करा, जवळची ठळक खूण सांगा, धूर कुठे जातोय ते सांगा, आणि फोन ठेवायची घाई करू नका. पलीकडचा माणूस अजून एक प्रश्न विचारणार असतो.